घाटावर कार्तिक, घरात आश्विन

सकाळी सहाला इंदूचा फोन वाजला की मालविका स्वयंपाकघरातून म्हणायची, "वन्सं, तुमचे पितर उठले."

मालविका ही इंदूच्या धाकट्या भावाची, मुकुलची बायको. वीस वर्षं ती हाच विनोद करत होती आणि वीस वर्षं इंदूला तो आवडत आला होता. कारण विनोद करून झाला की मालविका स्वतः चहा गाळून कप इंदूपुढे आणून ठेवी. फोनवर बोलत असलेल्या बाईला कुणी भाजी चिरायला सांगत नाही. काशीच्या दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात इंदूची जी काही जागा होती ती त्या फोनने धरून ठेवलेली होती. हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघी ते बोलत नव्हत्या.

फोन करणारे लांबचे असत. कुणी सागरहून विचारी, वडिलांची तिथी यंदा केव्हा येते. कुणी हैदराबादेहून विचारी, यंदा अधिक महिना आहे तर आमच्या आजीचं काय करायचं. इंदू चष्मा न लावता, पंचांग न उघडता सांगून टाकी आणि मग कामावर गेल्यावर कॉम्प्युटरवर ताडून पाही. चुकलेलं क्वचित निघे.

काम पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. विष्णुशास्त्री तिथले तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्या घरच्या लांबलचक वह्यांत लिहिलेली होती. त्यांनी २००३ साली इंदूला बोलावून घेतलं तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. गणितात एम.एस्सी. झालेली, एकदा ठरून मोडलेलं लग्न मागे टाकलेली, शाळांतून बदली शिक्षिका म्हणून फिरून दमलेली. लहुराबीरला कॉम्प्युटरचा एक क्लास केला होता, तेवढ्या भांडवलावर ती गेली. शास्त्रीबुवांनी तिला मोडी वाचायला शिकवलं आणि तिने त्यांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. नुसत्या चढवून ती थांबली नाही. घरटी कोण गेलं, कोणत्या तिथीला गेलं, हे पाहून दहा दिवस आधी आठवण पाठवणारा एक प्रोग्रॅम तिने लिहिला, शिकत शिकत, चुकत चुकत. आधी पोस्टकार्डं छापली जायची, मग मोबाइलवर मेसेज जायला लागले. ज्याला काशीत श्राद्ध करायचं असेल त्याच्यासाठी गुरुजी ठरायचे. बावीस वर्षांत घरं अकरा हजार झाली, मराठी आणि नंतर जोडली गेलेली इकडचीही.

तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी वाचायचा प्रसंगच कधी आला नव्हता. त्यामुळे तो जुन्या घरासारखा वाढला होता. जिथे गरज पडली तिथे माळा काढला, जिथे गळलं तिथे पत्रा टाकला. बंद पडलेले भाग इंदूने काढले नव्हते. एका फोल्डरचं नाव 'नवीन' होतं आणि तो सगळ्यांत जुना होता.

शास्त्रीबुवा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा प्रसन्न पुण्याला शिकून आलेला, छत्तीस वर्षांचा, स्वभावाने चांगला. इंदूला तो लहानपणापासून मावशी म्हणत आला होता. श्रावणात एक दिवस तो म्हणाला, "मावशी, आता नवं ॲप करायचंय. सगळं फोनवर. लोक खुद बघतील, खुद बुकिंग करतील. तू किती दिवस सकाळी सहाला फोन घेत बसणार? दिवाळीनंतर आराम कर."

इंदू म्हणाली, "आराम करून करू काय?"

"अरे, आराम म्हणजे आराम," प्रसन्न म्हणाला. त्याला खरोखरच दुसरं काही सुचलं नाही.

नवं काम माणसं करणार नव्हती. एआयचे एजंट करणार होते, म्हणजे स्वतःहून कोड वाचणारे, बदलणारे, चालवून पाहणारे प्रोग्रॅम. त्यांच्यावर देखरेख ठेवायला पुण्याची एक मुलगी होती, स्वरदा. ती रोज दुपारी व्हिडिओवर भेटे. तिच्यामागे भिंतीवर एक हिरवा वेल होता आणि बोलणं नेमकं होतं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इंदूताई, एजंट हुशार आहे, पण तो दर वेळी नवा येतो. काल काय केलं ते त्याला आज आठवत नाही. तुमच्या कोडमध्ये शिरला की तो परक्या घरात उतरलेल्या पाहुण्यासारखा आहे. म्हणून सगळ्यांत वरच्या फोल्डरमध्ये आपण एक साधी फाइल ठेवायची. आला की तो आधी ती वाचेल. कुठे काय आहे, कशाला हात लावायचा नाही, आणि काम झाल्यावर ते बरोबर झालं हे कसं बघायचं. तुम्हीच लिहा. दुसरं कुणी लिहूच शकणार नाही."

शेवटचं वाक्य इंदूला फार दिवस पुरलं.

तिने आठ दिवस बसून चौदा पानं लिहिली. प्रत्येक फोल्डर, प्रत्येक तक्ता, कोणत्या साली काय घातलं ते. स्वरदाने ती वाचली आणि हसली, पण वाईट हसली नाही. "ताई, एवढं दिलं तर पाहुणा दारातच दमेल. त्याला कोड वाचता येतो. जे वाचून कळतं ते लिहू नका. जे वाचून कळणार नाही तेवढंच लिहा."

मग इंदूने पुन्हा लिहायला घेतलं. 'नवीन' नावाचा फोल्डर जुना आहे, त्यात काही करू नका. सुरुवात 'तिथी' फोल्डरपासून करा. मृताच्या नावाचे दोन रकाने आहेत, दुसरा सासरच्या नावासाठी आहे, रिकामा दिसला तरी काढू नका. काही घरांत एकाच दिवशी दोन माणसं गेलेली आहेत, ती नोंद दोनदा झालेली नाही. मेसेज खरोखर जातील असं काही चालवून पाहू नका, आधी चाचणीच्या यादीवर चालवा. चौदा पानांची दोन पानं झाली. लिहिताना तिला एक विचित्र सुख होत होतं. बावीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, हे असं का केलंस. आता कुणीतरी विचारणार होतं, आणि तो कुणीतरी दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखा नीट वाचणार होता.

एजंटने फाइल वाचून काम केलं की स्वरदा त्याने काय केलं ते दाखवी. 'नवीन'ला त्याने हात लावलेला नसे. रिकामा रकाना तसाच ठेवलेला असे. इंदू मनात म्हणे, घरातली माणसं इतकं ऐकतील तर काय हवं.

पितृपंधरवड्यात, एका गुरुवारी, जेवताना मालविकाने पोळी वाढता वाढता बातमी सांगितली. ती डबे सुरू करणार होती. गल्लीत विद्यार्थी पुष्कळ, घरचं जेवण कुणाला नको? मुकुलने मान हलवली. तो बँकेतून जेवायला घरी येत असे आणि जेवताना कशालाही मान हलवत असे.

"वीस डबे म्हणजे दोघींचं काम," मालविका म्हणाली. "पण दिवाळीनंतर ताई घरीच आहेत. भाज्या आणि वरण त्यांच्याकडे, पोळ्या मी बघेन. ताईंचा वेळही जाईल."

"माझा वेळ जातोय," इंदू म्हणाली.

"आत्ता जातोय हो. नंतरचं म्हणतेय." मालविकाच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. तिने इंदूच्या ताटात आणखी एक मूद भात घातला. "एक मोठं पातेलं बघून ठेवलंय ठठेरी बाजारात. बाकी आपलं घरात आहेच."

त्या 'आपलं घरात आहेच'मध्ये आपण मोजले गेलो, हे इंदूला हात धुताना कळलं.

ती दुपारी ऑफिसला आली तेव्हा स्वरदाने एजंटचा एक प्रश्न पुढे पाठवलेला होता. एजंट प्रश्न सभ्यपणे विचारत असे. त्याने लिहिलं होतं: 'तिथी शोधण्याच्या भागात एक ओळ आहे. घराचा प्रकार दोन असेल आणि पक्ष वद्य असेल, तर महिना एकने पुढे ढकलला जातो. याचं कारण कोडमध्ये किंवा माहितीच्या फाइलीत सापडलं नाही. ही चूक आहे की मुद्दाम केलेलं आहे? खात्री होईपर्यंत ओळ तशीच ठेवली आहे.'

इंदूने तो प्रश्न दोनदा वाचला. अकरा हजार घरांच्या त्या पसाऱ्यातून याने नेमकं तेवढंच वेचून काढलं होतं.

ती ओळ शास्त्रीबुवांनी शेजारी बसून लिहून घेतली होती. मराठी घरांचा महिना अमावास्येला संपतो, काशीतल्या पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. पौर्णिमा उलटली की इथले लोक पुढच्या महिन्यात जातात आणि मराठी घर मागच्याच महिन्यात राहतं. आपलं कार्तिक वद्य ते यांचं अगहन, म्हणजे मार्गशीर्ष. यांचं कार्तिक कृष्ण ते आपलं अजून आश्विन. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून पंचगंगेवर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे चढत, आणि लहानपणी इंदू आईला विचारी, कार्तिक लागला का? आई म्हणे, घाटावर लागला, घरात नाही. दक्षिणी, म्हणजे मराठी, माणसाच्या वह्या घरच्या महिन्यात लिहिलेल्या आणि पंचांग घाटावरचं. म्हणून ती एक ओळ. शास्त्रीबुवा म्हणाले होते, "ही चुकली तर अर्ध्या पितरांना महिनाभर आधी जेवायला बोलावशील, आणि खरे उपाशी जातील."

प्रकार दोन म्हणजे दक्षिणी घरं, हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. ते तिला इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं. आता सुचलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं.

तिने स्वरदाला लिहिलं, 'जुनं आहे. तेव्हा कशासाठी घातलं, आठवत नाही.'

'मग काढू का?' स्वरदाने विचारलं.

'तुम्ही बघा,' इंदूने लिहिलं, आणि फोन पालथा ठेवला.

स्वरदाने काळजी घेतली. ती ओळ नव्यातून काढून जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवून पाहिले. पण इंदू जुन्यात पंचांग एकेका पंधरवड्याचं भरत असे, आणि त्या वेळी भरलेला होता तो आश्विन शुद्ध. प्रतिपदेपासून कोजागिरीपर्यंत एकूण एक नाव जुळलं. इंदूला ठाऊक होतं की जुळणार. घटस्थापनेला जुना प्रोग्रॅम बंद झाला आणि नवं ॲप सुरू झालं. प्रसन्नने सगळ्यांना लवंगलता मिठाई खाऊ घातली.

आपण काय केलं याचा हिशोब इंदूने मनाशी असा मांडला होता: नवरात्रात चुकीचे मेसेज जातील. दहा दिवस आधी जात असल्यामुळे कुणाचं श्राद्ध चुकायच्या आतच फोन येतील. म्हातारी माणसं खवळतील, अहो, आमची तिथी पुढच्या महिन्यात, तुम्ही आत्ता काय पाठवता? प्रसन्न घाबरून धावत येईल, मावशी, हे काय झालं? ती चष्मा पुसत म्हणेल, बघते. दोन दिवस लावून एक ओळ परत घालेल. आणि दिवाळीनंतरच्या आरामाची गोष्ट पुन्हा कुणी काढणार नाही. कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त कळेल की लागते ही बाई.

नवरात्राची पाचवी माळ झाली, सातवी झाली. फोन शेजारी ठेवून इंदू झोपत होती. सहाला वाजे तोही कमी झाला होता, कारण पुष्कळ लोक ॲपवर बघू लागले होते. जे फोन करत ते दुसरंच काही विचारत. मेसेज चुकला म्हणून एकही फोन आला नाही.

दसऱ्याला तिने स्वतः एक फोन केला. चुकीचा मेसेज गेलेल्या जबलपूरच्या एका घरी, सहज केल्यासारखा. तिथल्या माणसाने उलट आभार मानले. "बरं झालं मेसेज आला. आम्हाला कुठलं लक्षात राहायला? आई होती तोवर तिच्या तोंडी सगळ्यांच्या तिथ्या होत्या. आता तुम्हीच."

फोन ठेवून इंदू घराच्या गच्चीवर गेली. बावीस वर्षं ती लोकांना आठवण करून देत होती, आणि तेवढ्या वर्षांत लोकांनी आठवण ठेवणं सोडून दिलं होतं. आता चुकलं हे ओळखायला त्या घरांतून कुणी उरलं नव्हतं. ती खवळणारी म्हातारी माणसं तिच्याच यादीत होती, पण मृतांच्या रकान्यात.

त्या दिवशीही ती बोलू शकली असती. पण बोलायचं म्हणजे आठवत नाही म्हणालीस ते काय, हे आलं. ती उद्यावर ढकलत गेली. कोजागिरी झाली. पंचगंगेवर आकाशदिवे चढले.

वद्य पंचमीला सकाळी दहाला फोन आला. "इंदू, मी आनंदी. आले ग काशीला. ह्यांचं झालं आत्ताच, पंचगंगेवरच. देवदत्त बसला होता. तू वर असशील तर तोंड तरी दाखव, मला त्या पायऱ्या चढवत नाहीत."

आनंदीबाई सतन्याच्या. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. दर वर्षी मुलाला, देवदत्तला, घेऊन येत आणि इंदूसाठी बेसनाचे लाडू आणत. नवऱ्याची तिथी कार्तिक वद्य पंचमी. म्हणजे अजून एक महिना होता.

इंदू पायऱ्या उतरली. आनंदीबाई खालच्या चौथऱ्यावर सावलीत बसल्या होत्या. घाम पुसत होत्या आणि मांडीवर एक जाड शाल घडी करून ठेवलेली होती. वर बांबूंना आकाशदिव्यांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या, दिवसा नुसत्याच.

"ही बघ माझी अक्कल," शाल दाखवत त्या म्हणाल्या. "दर वर्षी इथे पाय ठेवला की हुडहुडी भरते, म्हणून आणली. यंदा हे ऊन. देवदत्तला म्हटलं, अरे, इतक्या लवकर कशी आली तिथी? तर घरात दुकानाचं हिंदी कॅलेंडर आहे, त्यावर कार्तिकच. इथले पोरसवदा गुरुजी, तेही कार्तिकच म्हणाले. म्हटलं, म्हातारपण. आपलंच डोकं फिरलं असेल. इंदूचा मेसेज आहे म्हणजे चुकायचा नाही."

इंदूने लाडवांचा डबा घेतला. तो हातात जड लागला. "तुम्ही कुठे उतरलात?" तिने विचारलं.

"अहिल्याबाई घाटाजवळच्या धर्मशाळेत. रात्रीची गाडी आहे. ये ना संध्याकाळी."

इंदू पायऱ्या चढून ऑफिसात आली ती सरळ प्रसन्नसमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. दोन महिने, दोन पंचांगं, ती ओळ.

प्रसन्नने ऐकून घेतलं. "म्हणजे आपल्या वद्याचा महिना आणि इकडच्या कृष्णाचा एक नाही?" शास्त्रीबुवांचा मुलगा हे विचारत होता. "बाप रे. किती लोकांना गेलं?"

"शंभरावर असतील. पाच तिथ्या होऊनही गेल्या. आणि ज्यांची तिथी आत्ता खरंच आहे, त्यांना मेसेज गेलेलाच नाही."

"चल, आठवलं ना तुला. हेच खूप आहे."

"आठवत होतं," इंदू म्हणाली. "विचारलं तेव्हाही आठवत होतं. मी सांगितलं नाही."

प्रसन्न तोवर स्वरदाला फोन लावत होता. "होतं ग मावशी असं. इतक्या वर्षांचं कुणाला याद राहतं? तू आता फाइलीत टाकून दे, बस."

तो रागावलाही नाही. रागावण्यासाठीसुद्धा आधी समोरच्याला मोजावं लागतं.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. फाइल उघडली आणि 'कशाला हात लावायचा नाही' याखाली लिहिलं: 'घराचा प्रकार दोन म्हणजे दक्षिणी घरं. त्यांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या पंचांगाचा पौर्णिमेला. म्हणून त्यांची वद्य पक्षातली तिथी पंचांगात पुढच्या महिन्याच्या कृष्ण पक्षात पाहावी. ही चूक नाही. ही ओळ काढू नये. तपासताना दोन्ही पक्षांच्या तिथ्या तपासाव्यात.'

एजंटला पाव तास लागला. त्याने ओळ परत घातली, चुकलेली एकशे सदतीस नावं शोधली, ज्यांची वेळ अजून गेलेली नाही त्यांना मेसेज लावले, आणि ज्यांची झाली त्यांच्यासाठी क्षमापत्राचा मसुदा केला. यापुढे एकाच पक्षावर तपासणी होऊ नये म्हणून एक चाचणीही स्वतःहून घातली.

स्वरदाचा मेसेज आला, 'ताई, ही सहा वाक्यं म्हणजे सोनं आहे. एवढंच राहिलं होतं. आता फाइल पूर्ण झाली. क्षमेचे मेसेज संध्याकाळी पाचला जातील.'

पाच म्हणजे इंदूला चार वाजताच निघावं लागलं. होडीत बसण्यात अर्थ नव्हता, घाटाघाटाने गर्दी होती. ती गल्ल्यांतून चालत गेली. चालताना तिने दोनदा ठरवलं की प्रोग्रॅम बिघडला असं सांगायचं. सगळेच तसं सांगतात, आणि आनंदीबाईंना ते लगेच पटलं असतं.

धर्मशाळेच्या खोलीत आनंदीबाई एकट्याच होत्या. देवदत्त पेढे आणायला गेला होता. इंदू खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "काकू, आज तिथी नव्हती. पुढच्या महिन्यात आहे. मला माहीत होतं."

आनंदीबाईंना आधी समजलंच नाही. मग इंदूने पुन्हा सांगितलं, हळूहळू. कोणी विचारलं, काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. का दिलं, तेही सांगितलं. ते सांगताना वीस डबे आणि पातेलं फारच लहान वाटलं.

आनंदीबाई शालीची घडी उलगडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या.

"मग आज जे केलं," त्या म्हणाल्या, "ते कुणाला गेलं ग?"

याचं उत्तर शास्त्रीबुवांना आलं असतं कदाचित.

"देवदत्तला परत रजा नाही मिळायची. आणि माझ्याने परत होत नाही." त्यांनी शालीवरून हात फिरवला. "थंडी असते, हे मला ठाऊक होतं. माझ्या अंगाला ठाऊक होतं. तुझ्यापायी मी माझं खोटं धरलं."

"इथे मी करवून घेईन, त्या दिवशी. माझ्या समोर."

"करव," आनंदीबाई म्हणाल्या. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि इंदूने ते मागितलंही नाही. मग त्यांनी पिशवीतून देवदत्तच्या बँकेची एक डायरी काढली, तिचं मागचं कोरं पान फाडलं आणि पुढे केलं. "मला लिहून दे. तारीख नको, तारखा बदलतात. तो मेसेज तर नकोच. मला वाचून कळेल असं लिही. उद्या मी विसरले तरी मला कळेल असं."

इंदूने चष्मा लावला. काय लिहायचं ते तिला यायला हवं होतं. दोन महिने ती तेच करत होती. तरी पहिली ओळ तिने खोडली. मग मोठ्या अक्षरात लिहिलं: 'कार्तिक वद्य पंचमी. आकाशदिवे लागल्यावर लगेच नव्हे. आधी दिवाळी होऊ दे, तुळशीचं लग्न होऊ दे, घाटावरच्या देवदिवाळीची त्रिपुरी पौर्णिमा होऊ दे. त्या पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस. शाल लागते.'

आनंदीबाईंनी कागद लांब धरून वाचला. "एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या, आणि तो घडी करून त्यांनी शालीच्या आत ठेवला.

उशीजवळ त्यांचा फोन टिणकन वाजला. पाच वाजले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला इंदूचा फोन वाजला नाही. ती अंथरुणात पडून स्वयंपाकघरातला आवाज ऐकत होती. ठठेरी बाजारातून आलेलं नवं पातेलं मालविका चिंच लावून घासत होती. वन्सं म्हणून हाक आली नाही, विनोदही आला नाही. थोड्या वेळाने मालविका आली आणि तिने चहाचा कप नेहमीसारखाच इंदूपुढे ठेवला. मग म्हणाली, "आज उशिरा जाणार का?"

"आज नाही जात," इंदू म्हणाली.

तिने चहा संपवला, कप स्वतःच विसळून पालथा घातला, आणि भोपळा आणि विळी पुढे ओढून खाली बसली.